वॉशिंग्टन स्वतःच्याच घराचं भाडं का भरत होता? व्हर्जिनियातल्या एका वसाहती घराण्याची जमीन, मृत्युपत्रं आणि वारसा

व्हर्जिनियात लाउडन काउंटीत नुकतंच घर घेतलेल्या एका वाचकाने विचारलं आहे: "आम्ही माउंट व्हर्नन बघायला गेलो होतो. तिथे कळलं की जॉर्ज वॉशिंग्टन या घराचं कित्येक वर्षं भाडं भरत होता. मृत्युपत्रात त्याने गुलामांना मुक्त केलं, तरी तिथली निम्म्याच्या आसपास माणसं गुलामच राहिली, असंही ऐकलं. हजारो एकरांचा हा मालक भाडं कुणाला देत होता? माणसं मुक्त करायला त्याला कुणाची आडकाठी होती? अशा घराण्यांची जुनी मृत्युपत्रं वाचायची कशी? आणि आमच्या घराखालच्या जमिनीवर असा एखादा जुना हक्क अजून जिवंत असू शकतो का?"

मी व्हर्जिनियाच्या उत्तर भागात जमिनींचे जुने दस्त तपासायचं काम करतो. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे, ते आधी सांगतो. त्या काळात विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हयातीपुरता हक्क असे. ती जिवंत असेपर्यंत उत्पन्न तिचं. ती गेली की मालमत्ता तिच्या मर्जीने नाही, तर आधीच ठरलेल्या वारसाकडे जाणार. वॉशिंग्टन भाडं देत होता ते अशाच एका विधवेला, आणि जी माणसं तो मुक्त करू शकला नाही, ती दुसऱ्या एका विधवेच्या हयातीच्या हक्कात अडकली होती. ती दुसरी विधवा म्हणजे त्याची बायको मार्था.

सुरुवात जमिनीपासून करू, कारण ती आली कुठून हे कळल्याशिवाय पुढचं काही नीट कळत नाही. रॅपाहॅनॉक आणि पोटोमॅक या दोन नद्यांमधला सगळा मुलूख दुसऱ्या चार्ल्स राजाने १६४९ मध्ये, स्वतः परागंदा असताना, आपल्या सात पाठीराख्यांना सनदेने देऊन टाकला. पुढे हा हक्क लॉर्ड कल्पेपरकडे एकवटला. त्याची मुलगी कॅथरिन फेअरफॅक्स घराण्यात दिली होती, म्हणून तो फेअरफॅक्स घराण्यात आला. सहाव्या लॉर्ड फेअरफॅक्सला पन्नास लाख एकरांहून मोठी ही जहागीर आई आणि आजीकडून मिळाली. आज ज्या काउंटीला फेअरफॅक्स म्हणतात, तुमची लाउडन काउंटी १७५७ मध्ये जिच्यातून वेगळी झाली, ती सगळी या जहागिरीत मोडत होती. जमीन घेणारा माणूस या लॉर्डकडून सनद घ्यायचा आणि दरवर्षी शंभर एकरांमागे दोन शिलिंग सारा त्याच्याकडे भरायचा. त्या जमिनीवर राहणारे डोएग लोक या व्यवहारात कुठेच नव्हते. त्यांचं नाव उरलं ते माउंट व्हर्ननजवळच्या डोग क्रीक या ओढ्यात.

जॉर्जचा पणजोबा जॉन वॉशिंग्टन १६५७ च्या सुमारास एका व्यापारी गलबतावर अधिकारी म्हणून व्हर्जिनियात आला आणि तिथेच राहिला. अ‍ॅन पोपशी लग्न झालं तेव्हा सासऱ्याने ७०० एकर जमीन दिली. या घराण्याचं बस्तान बसलं ते सासरवाडीच्या जमिनीवर. पुढे १६७४ मध्ये जॉन आणि निकोलस स्पेन्सर या दोघांना मिळून लिटल हंटिंग क्रीक आणि डोग क्रीक यांच्या मधली ५,००० एकर जमीन सनदेने मिळाली. त्याचा हिशेब असा होता की वसाहतीत एक माणूस आणला की ५० एकर. शंभर माणसं आणल्याबद्दल पाच हजार एकर. या शंभरांत बहुतेक करार करून आलेले गरीब नोकर असत, आणि त्यांच्या डोक्यावर मोजलेली जमीन जायची त्यांना आणणाऱ्याच्या नावावर.

जॉन १६७७ मध्ये वारला. त्याचा निम्मा वाटा मुलगा लॉरेन्सकडे आला. १६९० मध्ये स्पेन्सर घराण्याशी रीतसर वाटणी होऊन अडीच हजार एकर वेगळी झाली. लॉरेन्स १६९८ मध्ये गेला आणि ही जमीन त्याने ठेवली मुलगी मिल्ड्रेडला, मुलांना नव्हे. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. थोरल्या मुलाला सगळी जमीन, हा नियम होता खरा, पण तो लागायचा मृत्युपत्र नसेल तेव्हा. मृत्युपत्र केलं असेल तर बाप जमीन कुणालाही देऊ शकत होता, मुलीलासुद्धा. मिल्ड्रेडने आणि तिचा नवरा रॉजर ग्रेगरीने १७२६ मध्ये ती जमीन तिच्या भावाला, ऑगस्टीनला, १८० पौंडांना विकली. हा ऑगस्टीन म्हणजे जॉर्जचा बाप.

ऑगस्टीनची दोन लग्नं झाली होती. १७४३ च्या एप्रिलमध्ये तो गेला तेव्हा जॉर्ज ११ वर्षांचा होता. मृत्युपत्रात पहिल्या बायकोच्या थोरल्या मुलाला, म्हणजे लॉरेन्सला, लिटल हंटिंग क्रीकची जमीन. दुसऱ्या मुलाला पोप्स क्रीकची. आणि दुसऱ्या बायकोचा थोरला मुलगा जॉर्ज याला फ्रेडरिक्सबर्गसमोर नदीपलीकडची शेती आणि दहा गुलाम. शेती जॉर्जची, पण तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत ती सांभाळायची आईने. १७५३ मध्ये तो एकवीसचा झाला. आई मेरी त्या शेतीवर १७७२ पर्यंत राहिली. कागद आणि घरातला व्यवहार यांत एवढं अंतर पडू शकतं. म्हणून नुसत्या मृत्युपत्रावरून "इतक्या साली जमीन त्याच्या ताब्यात आली" असं मी कधीच लिहीत नाही.

आता भाड्याचा प्रश्न. सावत्र भाऊ लॉरेन्सने जमिनीला अ‍ॅडमिरल व्हर्ननचं नाव दिलं, घर उभारलं आणि फेअरफॅक्सच्या कारभाऱ्याच्या मुलीशी, अ‍ॅनशी, लग्न केलं. १७५२ च्या जुलैमध्ये तो वारला. मागे राहिली बायको आणि तान्ही मुलगी सेरा. त्याने लिहून ठेवलं होतं की माउंट व्हर्नन बायकोकडे हयातीपुरतं, त्यानंतर मुलीकडे, आणि मुलगी निर्वंश गेली तर जॉर्जकडे. अ‍ॅनने त्याच वर्षअखेरीस जॉर्ज ली नावाच्या माणसाशी लग्न केलं आणि ती दुसऱ्या काउंटीत राहायला गेली. सेरा १७५४ मध्ये गेली. आता माउंट व्हर्नन पुढे कधीतरी जॉर्जचं होणार हे पक्कं झालं, पण अ‍ॅन जिवंत होती आणि तिची हयात संपेपर्यंत त्याचा हक्क नुसता कागदावर होता. म्हणून डिसेंबर १७५४ मध्ये त्याने अ‍ॅन आणि तिच्या नवऱ्याकडून माउंट व्हर्नन आणि तिथले १८ गुलाम भाड्याने घेतले. भाडं वर्षाला १५,००० पौंड वजनाचा तंबाखू, किंवा तेवढ्या किमतीचे पैसे. १७६१ च्या मार्चमध्ये अ‍ॅन वारली आणि मगच तो मालक झाला. घर वाढवून दोन मजली करण्याचं काम त्याने त्याआधीच केलं होतं, म्हणजे दुसरीच्या हयातीच्या हक्कातल्या घरावर स्वतःचा पैसा घालून. एवढा भरवसा त्याला होता, कारण त्याच्यामागून दुसरा वारस उभा राहण्याची शक्यता कायद्याने संपली होती.

महाराष्ट्रात वारसाची प्रकरणं पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. हिंदू विधवेला १९३७ च्या कायद्याने नवऱ्याच्या मालमत्तेत जो हक्क मिळाला तोही मर्यादितच होता. तिच्यामागे मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे परत जायची. १९५६ च्या वारसा कायद्याच्या कलम १४ ने तो हक्क पूर्ण मालकीचा केला. व्हर्जिनियात विधवेच्या हयातीपुरत्या हक्काची पद्धत फार उशिरा संपली. ते शेवटी सांगतो.

अशा घराण्याचे दस्त वाचताना मी सगळ्यात आधी कुठे बघतो, ते सांगतो. जमीन विकल्याचा दस्त हातात आला की लोक पहिलं पान वाचतात: कुणी, कुणाला, किती एकर, किती पौंड. मी शेवट वाचतो. नवऱ्याने जमीन विकली तरी बायकोचा तृतीयांश हक्क, ज्याला इथे डावर म्हणतात, आपोआप सुटत नसे. तिने तो सोडून द्यावा लागे, आणि नुसती सही पुरत नसे. न्यायाधीशांनी किंवा त्यांनी नेमलेल्या माणसांनी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचं: हे तू स्वखुशीने करतेस ना, नवऱ्याचा धाक किंवा जबरदस्ती नाही ना? ती "हो" म्हणाली की दस्ताखाली तशी नोंद व्हायची. ही नोंद नसली, तर विकत घेणाऱ्याला धोका असायचा, कारण नवरा वारल्यावर विधवा येऊन तिसरा हिस्सा हयातीपुरता मागू शकत होती. आपल्याकडच्या हक्कसोड पत्रासारखंच हे, फरक इतकाच की इथे ते लग्न झालेल्या जवळजवळ प्रत्येक विक्रेत्याच्या दस्ताला लागायचं. बाजूला घेऊन विचारलं म्हणून घरी परत गेल्यावर तिच्यावर दबाव नसे असं मी मानत नाही. पण एखाद्या बाईचं नाव, ती त्या दिवशी हजर होती हे, आणि तिला विचारलं गेलं हे, एवढं तरी कुठेतरी नोंदलेलं सापडतं. पुष्कळ बायकांच्या बाबतीत सरकारी कागदावर उरलेला पुरावा तेवढाच असतो.

सीमा वाचायलाही सवय लागते. "ओढ्याच्या काठच्या पांढऱ्या ओकपासून अमुक अंश ईशान्येला ३२० पोल, तिथे खुणेचा हिकरी" अशी भाषा असते. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. झाडं मरायची, म्हणून चर्चच्या मंडळींनी ठरावीक वर्षांनी शेजाऱ्यांना घेऊन सीमेवरून चालत जायचं आणि झाडांवरच्या खुणा नव्या करायच्या, असा कायदाच होता. स्वतः जॉर्जने सोळाव्या वर्षी, १७४८ मध्ये, फेअरफॅक्सच्या जमिनी मोजायचं काम सुरू केलं. जमिनीची नजर त्याला तिथे आली.

आता कस्टिस घराणं. वॉशिंग्टनचा वारसा कळायचा तर बायकोच्या पहिल्या सासरचे कागद बघितल्याशिवाय गत्यंतर नाही.

मार्थाचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ च्या जुलैमध्ये मृत्युपत्र न करता वारला. मागे विधवा, मुलगा जॅकी, मुलगी पॅट्सी, साडेसतरा हजार एकरांच्या आसपास जमीन आणि सुमारे ३०० गुलाम. मृत्युपत्र नाही म्हटल्यावर कायद्याचा साचा लागला. जमीन एकुलत्या मुलाकडे, पण तिचा तिसरा हिस्सा आईकडे हयातीपुरता. रोकड, रोखे, सामानसुमान यांचे तीन वाटे, आई आणि दोन मुलं. आणि गुलाम? इथे १७०५ चा व्हर्जिनियाचा कायदा लागतो. त्या कायद्याने वारशाच्या बाबतीत गुलामांना स्थावर मालमत्ता ठरवलं होतं, जमिनीसारखं. म्हणून त्यांचाही तिसरा हिस्सा मार्थाकडे हयातीपुरताच आला. ती त्यांना राबवू शकत होती, पण विकू शकत नव्हती आणि मुक्तही करू शकत नव्हती. ती गेल्यावर ते जॅकीचे, जॅकी नसला तर जॅकीच्या वारसांचे. ६ जानेवारी १७५९ ला तिने वॉशिंग्टनशी लग्न केलं आणि तिच्याबरोबर डावरमधली ८४ माणसं वॉशिंग्टनच्या ताब्यात आली. नवरा म्हणून तिच्या हक्काचा उपभोग आता वॉशिंग्टनकडे, पण हक्क तेवढाच, तिच्या हयातीपुरता.

याशिवाय १६६२ पासून व्हर्जिनियात कायदा होता की मूल आईच्या दर्जाप्रमाणे गुलाम किंवा स्वतंत्र ठरेल. बाप कोण याला किंमत नाही. डावरमधल्या बाईला झालेलं प्रत्येक मूल कस्टिस वारसांचं. हे दोन कायदे एकत्र ठेवले की पुढच्या चाळीस वर्षांत काय होणार ते १७५९ लाच ठरून गेलं होतं.

कस्टिसांच्या मागे एक जुना दावाही लागला होता. डॅनियलचा आजोबा डॅनियल पार्क हा कॅरिबियन समुद्रातल्या लीवर्ड बेटांचा गव्हर्नर होता आणि १७१० मध्ये अँटिग्वात जमावाने त्याला ठार मारलं. त्याने व्हर्जिनियातली मालमत्ता औरस मुलीला आणि अँटिग्वातली अनौरस मुलीला ठेवली, आणि कर्ज कुणी फेडायचं यावरून पुढच्या पिढ्या पन्नास वर्षांहून अधिक कोर्टात भांडल्या. वॉशिंग्टनने मार्थाशी लग्न केलं तेव्हाही हा दावा मिटला नव्हता. डॅनियलचा बाप जॉन कस्टिस तर मृत्युपत्रात मुलाला बजावून गेला की आपल्या थडग्यावर, हा माणूस ७१ वर्षांचा होऊन मेला पण जगला फक्त ती सात वर्षं जेव्हा तो लग्नाविना एकटा राहत होता, असं कोरलं नाही तर वारसा मिळणार नाही. थडगं तसंच झालं.

१७७३ च्या जूनमध्ये पॅट्सी सतरा वर्षांची असताना फेफऱ्याच्या झटक्याने गेली. तिच्या वाट्याला रोकड आणि रोखे आले होते, सुमारे १६,००० पौंड. निम्मे भावाला, निम्मे आईला, म्हणजे कायद्याने सावत्र बापाला. लंडनच्या व्यापाऱ्याचं वॉशिंग्टनवरचं थकलेलं कर्ज त्यातून फिटलं. एक मुलगी गेल्याचं दुःख त्याच्या पत्रांत आहे, आणि कर्ज फिटल्याचा हिशेब त्याच्याच वहीत. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही वाचावेत. जॅकी १७८१ मध्ये यॉर्कटाउनच्या वेढ्यात जडलेल्या तापाने वारला. मागे चार मुलं. आता डावरमधली सगळी माणसं, मार्था गेल्यावर, या चौघांत वाटली जाणार होती.

मृत्युपत्राकडे येतो. ९ जुलै १७९९ तारखेचं हे मृत्युपत्र वॉशिंग्टनने स्वतःच्या हाताने, कुणा वकिलाची मदत न घेता लिहिलं. शेवटच्या दिवशी त्याने दोन मृत्युपत्रं मागवली, एक निरुपयोगी म्हणून जाळायला दिलं, दुसरं मार्थाने जपून ठेवलं. १४ डिसेंबर १७९९ ला तो गेला आणि जानेवारी १८०० मध्ये फेअरफॅक्सच्या कोर्टात ते दाखल झालं. मूळ प्रत आजही तिथल्या कोर्टाच्या दप्तरात आहे. सोबत जमिनींची यादी जोडली आहे: माउंट व्हर्नन सोडून ५१,००० एकरांच्या आसपास जमीन, बरीच ओहायो आणि कनॉवा नद्यांच्या काठची. या यादीची एकूण किंमत ५,३०,००० डॉलर लिहिली आहे, तीत रोखे आणि जनावरंही धरली आहेत. मुलं नव्हती. बायकोला बहुतेक सगळं हयातीपुरतं. तिच्यानंतर घर आणि चार हजारांहून जास्त एकर पुतण्या बुशरॉडला, बाकीचे तुकडे इतर नातेवाइकांना, आणि उरलेलं विकून २३ समान वाटे. वाद झाला तर कोर्टात जाऊ नका, तीन जाणत्या माणसांनी कायद्याचा कीस न काढता निवाडा द्यावा, असंही त्याने लिहिलं. कस्टिसांचं कोर्टातलं आयुष्य त्याने जवळून बघितलं होतं.

गुलामांबद्दलचं कलम मृत्युपत्रात अगदी सुरुवातीलाच आहे. त्या वर्षी माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. १२३ वॉशिंग्टनचे स्वतःचे, १५३ डावरचे, बाकी बहुतेक शेजारच्या पेनेलोपी फ्रेंच या विधवेकडून भाड्याने घेतलेले. (तिचाही हक्क हयातीपुरताच. या भागातल्या अर्ध्या कहाण्या विधवांच्या हयातीवर टांगलेल्या सापडतात.) त्याने लिहिलं की माझे स्वतःचे गुलाम माझ्या बायकोच्या मृत्यूनंतर मुक्त व्हावेत. आत्ताच का नाही, याचं कारणही त्यातच दिलं आहे: माझी आणि डावरची माणसं एकमेकांत लग्नं करून मिसळली आहेत, आणि ज्या हक्काने डावरची माणसं आपल्याकडे आहेत त्यात त्यांना मुक्त करणं माझ्या हातात नाही. फक्त विल्यम ली, जो युद्धात सतत त्याच्याबरोबर होता, तो लगेच मुक्त, आणि वर्षाला ३० डॉलर.

डावरपुरतं बोलायचं तर कायद्याने त्याचे हात खरंच बांधले होते, तेही किती घट्ट ते फिलाडेल्फियातून कळतं. तो राष्ट्राध्यक्ष असताना बरीच वर्षं राजधानी तिथे होती, आणि पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने बाहेरून आणलेला प्रौढ गुलाम सहा महिने तिथे राहिला तर तो मुक्तता मागू शकत होता. १७९१ मध्ये वॉशिंग्टनने चिटणीस टोबायस लिअरला लिहिलं की डावरची माणसं मुक्त झाली तर कस्टिस इस्टेटीला भरपाई मला द्यावी लागेल. म्हणून सहा महिने भरायच्या आत त्यांना काही दिवसांसाठी बाहेर पाठवायचं, आणि हे त्यांना किंवा लोकांना कळू न देता करायचं.

पण त्याच्या स्वतःच्या १२३ माणसांचं काय? १७२३ ते १७८२ पर्यंत मुक्त करायला गव्हर्नर आणि त्याच्या मंडळाची परवानगी लागायची. १७८२ च्या कायद्याने मालकाला साधा दस्त करून किंवा मृत्युपत्राने मुक्त करायची मुभा मिळाली. तेव्हापासून मरेपर्यंत १७ वर्षं त्याच्याजवळ होती. चार शेतं इंग्लंडच्या शेतकऱ्यांना भाड्याने द्यायची आणि त्या उत्पन्नातून माणसांची सोय करायची, अशी योजना त्याने १७९०च्या दशकात मांडली, पण घेणारे मिळाले नाहीत. त्याच्या काळातल्या मोठ्या जमीनदारांत एवढं कलम लिहिणारेही थोडे होते, हे मी मान्य करतो. तरीही या १२३ जणांच्या बाबतीत अडचण कायद्याची नव्हती. ती त्याच्या शेतीच्या उत्पन्नाची होती, आणि इतिहास सांगणारे या दोन अडचणी एकत्र मिसळतात तेव्हा मला ते खटकतं.

त्या मिसळलेल्या लग्नांचा अर्थ एका कुटुंबात बघा. हर्क्युलिस हा माउंट व्हर्ननचा आणि फिलाडेल्फियाचा नामांकित स्वयंपाकी. तो वॉशिंग्टनचा स्वतःचा. १७९७ च्या फेब्रुवारीत तो पळून गेला आणि पुढे मृत्युपत्रामुळे कायद्यानेही स्वतंत्र झाला. त्याची बायको अ‍ॅलिस डावरमधली होती. म्हणून रिचमंड, एव्ही आणि डेलिया ही त्याची तिन्ही मुलं कस्टिसांची. बाप मोकळा, मुलं वाटणीत. तसंच ओना जजचं. ती मार्थाची खास दासी, डावरमधली. १७९६ मध्ये फिलाडेल्फियातून ती निसटली आणि न्यू हॅम्पशायरला पोचली. तिथे तिने संसार केला आणि १८४८ पर्यंत जगली. वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राचा तिला काहीही उपयोग नव्हता. कायद्याच्या हिशेबात ती मरेपर्यंत कस्टिस वारसांची पळालेली मालमत्ता होती, आणि तिची मुलंही.

मार्थाने १ जानेवारी १८०१ लाच नवऱ्याचे गुलाम मुक्त केले, मृत्यूची वाट न पाहता. अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सच्या त्या वेळच्या पत्रातून कळतं की आपल्या मरणावर ज्यांचं स्वातंत्र्य अवलंबून आहे अशा माणसांमध्ये राहायची तिला भीती वाटत होती. हयातीच्या हक्काचा हा परिणाम कायदा करणाऱ्यांच्या मनात आला नसावा. २२ मे १८०२ ला ती गेली आणि डावरची माणसं चार नातवंडांत वाटली गेली. नवरा, बायको, मुलं वेगवेगळ्या काउंट्यांत गेली.

नातवंडांपैकी जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिसच्या वाट्याच्या माणसांनी आर्लिंग्टन ही हवेली उभी केली. त्याने १८५७ मध्ये आर्लिंग्टन मुलगी मेरीला हयातीपुरतं आणि तिच्यानंतर नातवाला ठेवलं. मेरीचा नवरा म्हणजे रॉबर्ट ई. ली, पुढे यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती. यादवी युद्धात संघराज्याने त्या जमिनीवर ९२ डॉलर ७ सेंट कर बसवला आणि तो मालकाने जातीने येऊन भरावा असं ठरवलं. मेरीने नातेवाइकाला पाठवलं, पैसे घेतले नाहीत, आणि १८६४ च्या जानेवारीत सरकारनेच लिलावात जमीन घेतली. तिथे राष्ट्रीय दफनभूमी झाली. मेरीच्या मृत्यूनंतर ज्याचा हक्क जागा झाला तो नातू, कस्टिस ली, कोर्टात गेला. १८८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला, आणि पुढच्या वर्षी सरकारने त्याला १,५०,००० डॉलर देऊन जमीन रीतसर विकत घेतली.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. लाउडनमधल्या तुमच्या घरावर अशा कुणाचा हक्क उरलेला असण्याची भीती बाळगू नका. वंशपरंपरेने बांधलेली जमीन व्हर्जिनियाने १७७६ मध्येच मोकळी केली, आणि १७८५ च्या कायद्याने, जो १७८७ पासून लागू झाला, थोरल्या मुलाचा अग्रहक्कही संपवला. फेअरफॅक्स जहागिरीच्या वारसांचा वाद १८१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकालात निघाला. डावर मात्र तग धरून राहिला. तो व्हर्जिनियाने १ जानेवारी १९९१ पासून रद्द केला. त्यामुळे तुमच्या मालकांच्या साखळीत त्याआधी कुणी लग्न झालेल्या माणसाने एकट्याने सही करून विक्री केली असेल, तर तुमच्या टायटल कंपनीने (घर घेताना मालकीहक्क तपासणाऱ्या) ती जागा तपासलेली असायला हवी. अहवालात ते पान बघा, आणि दिसलं नाही तर लेखी विचारा.

आणि हौस म्हणून मागे जायचं असेल तर क्रम असा ठेवा. लाउडनचे दस्त मागे १७५७ पर्यंत, त्याआधीचे फेअरफॅक्समध्ये, त्याआधीचे प्रिन्स विल्यममध्ये, आणि मूळ सनदा रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात. तिथल्या जहागिरीच्या सनदा घरबसल्याही बघता येतात. मृत्युपत्र सापडलं की त्यावर थांबू नका. त्याच्यापुढे काही महिन्यांत मालमत्तेची यादी दाखल होते, शेजारच्या तीन-चार माणसांनी घरोघर फिरून केलेली. तिच्यात गाद्या, किटल्या, गाई, आणि त्यांच्याच रांगेत माणसांची नावं, वय आणि किंमत लिहिलेली असते. ती नावं वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. पुढच्या वाटणीपत्रात तीच नावं पुन्हा येतात, आणि कोणती आई कुठे गेली, कोणतं मूल कुठे गेलं, हे दोन कागद शेजारी ठेवल्यावरच कळतं.